राघोशेठचं नाव सगळ्यात वर

दोन हजार सात साली आमच्या काल्हेरच्या गोदामांची वेबसाइट झाली. केली माझ्या पुतणीनं, उन्नतीनं. कॉलेज शिकलेली पोरगी, म्हंजे घरातल्या सगळ्यांच्या चुका काढायला मोकळी.

सहा गाळे रिकामे होते. सोमवारी अकराला ठाण्याची एक औषध कंपनी साइट बघून ठरवणार, आमच्याकडं यायचं का शेजाऱ्याकडं. साइट चालायची आमच्याच हापिसातल्या मशीनवरनं.

उन्नतीनं मला एक फाइल दाखवली. "काका, गाळ्याची उंची, भाडं, सगळं या एका कप्प्यात लिवलंय. काय बदललं तर प्रोग्रामला हात न्हाय लावायचा, हितंच बदलायचं. कप्प्याला नाव आजोबांचं दिलंय, राघोशेठ."

"आन् ह्ये वरती काय?"

"नोंद. हा कप्पा आपण बनवलाय, तो वाचायचा कोणी, ते आधी सांगायला लागतं. न्हायतर मशीन वळखत न्हाय."

आमच्या बापाला वळखत न्हाय! अख्खी भिवंडी वळखायची. पण मशीन पडलं शिकलेलं.

रविवारी हापिसात मी एकटाच. इंग्रजी मला ट्रकच्या नंबरापुरतं येतं, पण बापाचं नाव वळखतो. बघतो तर नोंद वर आन् राघोशेठ खाली! आमच्यात पत्रिका छापली तरी आधी वडीलधारी, मग बाकीची वरात. कट-पेस्ट पोरीनंच शिकवलेलं. बापाला उचलला, नोंदीच्या डोक्यावर बसवला, सेव्ह केलं, हात जोडले. लय पुण्य लागलं.

सोमवारी साडेधाला साइट उघडली. पिवळं पान, लाल अक्षरं. गाळे गायब.

बाळारामदादा, म्हंजे उन्नतीचा बाप, पोरीवर तुटून पडला. "याच्यासाठी शिकवली काय तुला?"

"बाबा, शनिवारी चालत होती वो!" तिचे डोळे भरले.

मग मला गप बसवंना. "दादा, तिला नको बोलूस. बापाला मीच वर नेला."

"वर? त्याला जाऊन सहा वर्सं झाली की रं!"

पोरगी रडता रडता हसली. फाइल बघितली आन् कपाळाला हात लावला. "काका, नोंदच पहिली पायजे. तिच्या वर कप्पा न्हाय चालत, आजोबांचा पण न्हाय." बाप खाली आला, साइट चालू झाली. अकराला पाच कमी.

बाराला कंपनीच्या साहेबाचा फोन. सहाही गाळे घेतले. वर विचारतो, साइट छान हाय, बनवली कोणी?

दादानं छाती फुगवली. "आम्हीच, साहेब!"

मी फोन हिसकावला. "पोरीनं बनवली, साहेब. आम्ही फकस्त बंद पाडली."