जानकीच्या नाकावरचा चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे आणि स्वभावाने पक्का मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या बोलण्याला जळका वास आला तर तुम्हाला नवल वाटायला नको. आपल्यावाचून जगाचं अडतं असं आम्हा सगळ्याच चष्म्यांना वाटतं. मला ते जरा जास्तच वाटायचं.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तपकिरी कचकड्याची फ्रेम, जाड भिंगं आणि कानांमागे वळणाऱ्या दोन काड्या, एवढंच माझं रूप. तिथून एका फिरत्या चष्मेवाल्याच्या ट्रंकेत बसून मी आगबोटीने कोकणात आलो. ट्रंकेत माझ्या शेजारी सोनेरी काड्यांचा एक चष्मा होता. गिऱ्हाईक आलं की त्यालाच आधी उचलायचं. देवगडला एका वकिलाने तो घेतला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आता आपली पाळी, असं म्हणत मी मालवणला उतरलो.

एकोणीसशे सत्तावन्न सालची थंडी होती. देवीच्या जत्रेत चष्मेवाल्याने पाल ठोकलं आणि दुसऱ्याच दिवशी भाई आपल्या थोरल्या मुलीला घेऊन आले. भाईंचं नाव परशुराम. मालवणच्या कचेरीत ते कारकून होते आणि घरीदारी सगळे त्यांना भाईच म्हणत. मुलीचं नाव जानकी, वय नऊ. दुसरीत तिचं हे दुसरं वर्ष चालू होतं, आणि पाठची बहीण आनंदी तिला गाठून तिच्याच शेजारी येऊन बसली होती. आनंदी धडा घडाघडा वाचायची. जानकीला मात्र 'कमळ' वाचतानाही घाम फुटायचा.

चष्मेवाल्याने अक्षरांचा तक्ता टांगला आणि जानकीला वाचायला सांगितलं. ती गप्प. त्याने एक चष्मा चढवला, मग त्याहून जाड, मग आणखी जाड. ती गप्पच. शेवटी माझी पाळी आली. तोवर ती बिचारी रडकुंडीला आली होती. तिने डोळे बारीक करून अंदाजाने 'प' म्हटलं, आणि तिथे नेमका 'प' होता.

"बघा साहेब," चष्मेवाला म्हणाला, "मुलीची नजर कच्ची आहे. बाकी काही नाही."

भाईंना केवढं हायसं वाटलं. वर्षभर लोक त्यांच्या मुलीला ढ म्हणत होते, आणि कचेरीत ते तोंडावर हसून मनात कुढत होते. आता कारण सापडलं होतं, आणि त्यावर इलाजही. जानकीच्या आईने, माईने, देवीपुढे उभं राहून हात जोडले. मी तर मनातल्या मनात फुगून गेलो. सोनेरी काड्यांच्या त्या चष्म्याने वकिलाचं पोट भरलं असेल, पण मी एका मुलीचं आयुष्य मार्गी लावणार होतो.

आता त्यातली गंमत बघा. जिला अक्षरं ओळखता येत नाहीत, तिची नजर तपासली अक्षरांच्या तक्त्याने. समोरच्या माडावर नारळ किती, एवढं जरी कोणी विचारलं असतं, तरी मी जन्मभर ट्रंकेत पडून राहिलो असतो.

घरी जाताना भाईंनी तिला बजावलं. "आता चष्मो गावलो. निमित्त नाय सांगायचां. एप्रिलच्या परीक्षेत वाचलंस नाय, तर शाळा बंद. मगे घराकडे रव आणि आवशीक हातभार लाव."

जानकीने मान हलवली. मी तिच्या नाकावरून घसरलो, तसं तिने मला बोटाने वर सरकवलं.

पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकलंय. माझ्यातून तिला सगळं धूसर दिसायचं. शाळेची वाट किनाऱ्याच्या कडेने जायची, आणि तिथे ती मान खाली घालून माझ्या वरून समुद्राकडे बघायची. समुद्रातल्या किल्ल्याच्या पलीकडे एखादं शीड दिसलं की आनंदीला सांगायची, "तो शिवा परत इलो. तेच्या शिडाक लाल ठिगळ आसा." आनंदीला नुसता ठिपका दिसायचा. थोड्या वेळाने होडी जवळ आली की ती खरोखर शिवा नावाच्या कोळ्याचीच असायची.

म्हणजे मुलीचे डोळे माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगले होते. त्या डोळ्यांचा मला इतका हेवा वाटला की सांगता सोय नाही. बोलता आलं असतं तरी मी ते कोणाला सांगितलं नसतं. सांगितलं तर मला उतरवून ठेवतील, हे मला कळत होतं.

मग तिच्या कानांशी माझं वैर जमलं. संध्याकाळी पडवीत आनंदी मोठ्याने धडा वाचायची आणि जानकी शेजारी पुस्तक धरून बसायची. दोनदा ऐकलं की सगळा धडा तिला पाठ. मग भाई आले की ती पुस्तकात बघून तोच धडा न अडखळता म्हणून दाखवायची. भाई खूश व्हायचे, "चष्म्याचो गुण," म्हणायचे. मान मला मिळत होता आणि काम कान करत होते. फुकटचा मान गोड लागतो, खोटं कशाला सांगू? पण त्या कानांचा राग काही जाईना, कारण माझ्या काड्या त्यांच्यावरच टेकलेल्या होत्या.

शाळेत मात्र पाठ नसलेला मजकूर पुढे आला की सगळं कोसळायचं. घ आणि ध, भ आणि म, तिच्या पाटीवर एकमेकांच्या जागी जाऊन बसायचे. मग ही बातमी आनंदी घरी आणायची. "घरात वाचतंस आणि शाळेत वाचूक नाय? तुजां लक्ष खंय आसा?" भाई ओरडायचे. आता तर त्यांची खात्रीच झाली होती की मुलगी मुद्दाम करते. माई हळूच म्हणायची, "आनंदी बघ कशी वाचता." तिला वाटायचं, त्याने जानकीला हुरूप येईल.

हळूहळू जानकीचं पोट दुखायला लागलं. सकाळी शाळेच्या वेळेला दुखायचं, रविवारी दुखायचं नाही. माई ओवा द्यायची. नखं तर तिने कुरतडून पार संपवली. होड्यांची नावं सांगणं बंद झालं. एकदा आनंदीने पेन्सिल मागितली तर म्हणाली, "घे. माका कित्याक होयी? मी ढ." हे ती रडून नाही म्हणाली, अगदी साध्या आवाजात म्हणाली. मला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं. मी तिच्या नाकावर होतो, तिचे डोळे रोज भरून येताना सगळ्यांत जवळून बघत होतो, आणि तरीही स्वतःच्याच मानाचा विचार करत होतो.

फेब्रुवारीत वर्गावर सुभद्राबाई आल्या. बुटक्या, आवाजाला मऊ, पण नजर कशावरून हलायची नाही. त्यांनी जानकीला धडा वाचायला उभं केलं. धडा तिला पाठ असलेला होता. जानकी छान म्हणत गेली, पान उलटलं, पुढे म्हणत गेली. पण दोन पानं एकमेकांना चिकटून एकदम उलटली गेली होती, आणि ती नेमकं मधल्या, झाकलेल्या पानावरचं वाचत होती. आनंदी फिसकन हसली. बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि जानकीला म्हणाल्या, "छान. बस."

शाळा सुटल्यावर बाईंनी जानकीला किनाऱ्यावर नेलं आणि मला तिच्या नाकावरून काढून स्वतःच्या पिशवीत टाकलं. आतून मला ऐकू येत होतं.

"ती होडी दिसते? तिच्यात माणसं किती?"

"तीन. दोगे उभे आसत, एक बसलो आसा."

"आणि वल्ही?"

"चार. एक मोडलेलां आसा."

बाईंनी पिशवी वाळूवर ठेवली, आणि तिच्या उघड्या तोंडातून मला बाहेरचं दिसू लागलं. मग त्यांनी ओल्या वाळूत हातभर मोठं 'घ' काढलं आणि जानकीचं बोट धरून त्यावरून फिरवलं. फिरवताना तोंडाने 'घ' म्हणायला लावलं. एकदा, दहादा, वीसदा. त्या दिवशी एवढंच एक अक्षर, आणि निघताना मी पुन्हा जानकीच्या नाकावर. दुसऱ्या दिवशी जानकीला ते आठवत होतं. मित्रांनो, नाकावर इतके दिवस मी बसलो होतो, आणि शिकलं ते बोट. पाच बोटांतलं एक साधं बोट, कुरतडलेल्या नखाचं. माझा नुसता जळफळाट झाला.

आठवड्याने सुभद्राबाई घरी आल्या. भाई कचेरीतून येऊन पडवीत बसले होते. माईने चहा आणला.

"भाई, तुमच्या चेडवाचे डोळे बरे आसत," बाई म्हणाल्या. "डोक्यानय हुशार आसा. अक्षर आणि तेचो आवाज, हेंची गाठ तेच्या मनात लवकर बसना नाय, इतक्याच. अशी पोरां मी आदी बघलेली आसत. ती आळशी नसतत."

भाईंना ते झोंबलं. "बाई, तुमी डॉक्टर आसात काय? डोळे बरे आसत तर मगे वाचना कित्याक नाय? म्हणजे मस्तीच ना?"

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी मला जानकीच्या नाकावरून उचलून भाईंच्या हातात दिलं आणि आनंदीचं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. "ह्यो चष्मो घाला आणि वाचा."

भाईंनी मला नाकावर चढवलं. भाईंचं नाक मोठं, मी तिथे नीट बसेना. पुस्तकातल्या ओळी फुगल्या, एकमेकींत मिसळल्या. भाईंनी पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं, एक शब्द चुकीचा वाचला. आनंदी म्हणाली, "भाई, सोपां आसा तां." भाईंच्या कपाळावर घाम आला. कचेरीत सगळ्यांचे अर्ज वाचून दाखवणारा माणूस दुसरीच्या पुस्तकापुढे अडकला होता.

तेव्हा जानकी त्यांच्याजवळ सरकली. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "भाई, लक्ष देवन वाचा. भियाव नकात."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच मदत करायची होती, आणि मदत करायची ती हीच एक रीत तिने ऐकली होती.

"दिसनाच नाय, तर लक्ष देवन काय करू?" भाई खेकसले, आणि तिथेच थांबले.

माईने पदर तोंडाला लावला. भाईंनी मला काढून मांडीवर ठेवलं आणि जानकीला विचारलं, "आणि तुका? चष्म्याशिवाय तुका अक्षर कसां दिसता?"

एवढ्या दिवसांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. ती थोडा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "साफ दिसता. पण अक्षर आपलां नाव सांगना नाय. आनंदीक सांगता. माका सांगना नाय."

भाईंनी तिला जवळ घेतलं. त्या दिवसापासून मी तिच्या नाकावर पुन्हा कधी चढलो नाही.

माझं काय झालं म्हणाल, तर भाईंनी मला आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं. रोज संध्याकाळी ते पितळी ताटात वाळू पसरून जानकीला घेऊन बसायचे. एक अक्षर बोटाने, तोंडाने, पुन्हा पुन्हा. आनंदीला माईने बजावून ठेवलं होतं, मध्ये उत्तर सांगायचं नाही. जानकी कधी कधी कालचंच विसरायची आणि भाईंचा आवाज चढायला लागायचा. मग ते खिशातून मला काढायचे, घालायचे, समोरचं पुस्तक बघायचे आणि पुन्हा खिशात टाकायचे. "परत बघूया," म्हणायचे. मला एक काम मिळालं होतं. पण माझ्यासमोर ताटातल्या वाळूचं आणि त्या बोटाचं गूळपीठ जमलेलं बघून मला काही गोड वाटत नव्हतं.

एप्रिलात तोंडी परीक्षा झाली. परीक्षा घ्यायला बाहेरगावचे साहेब आले होते. भाई कचेरीतून तासाभराची सुटी काढून शाळेच्या व्हरांड्यात खिडकीशी उभे राहिले. आनंदीने दोन मिनिटांत धडा संपवला. मग जानकी उठली. पाठ नसलेला धडा होता, ओढ्यावरचा. तिने ओळीखाली बोट ठेवलं आणि एकेक शब्द वाचू लागली. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत 'झुळझुळ' आलं आणि ती थांबली.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. खिडकीशी उभ्या असलेल्या भाईंचे ओठ हलायला लागले. एक शब्द पुढे सांगितला असता तर सगळं सुटलं असतं. त्यांचा हात खिशात गेला आणि मला घट्ट धरून बसला. आत जानकीने दुसऱ्या हाताचं बोट आपल्या परकरावर टेकवलं आणि हळूहळू काहीतरी काढलं. एकदा. पुन्हा एकदा. भाईंची मूठ इतकी आवळली गेली की माझी एक काडी कट्कन मोडली.

"झु," जानकी म्हणाली. "झुळ... झुळझुळ."

आणि पुढे वाचू लागली. भाईंनी एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

ती जेमतेम पास झाली. पुढे सातवीपर्यंत शिकली, आणि सातवीतही ती ओळीखाली बोट ठेवूनच वाचायची. मला मात्र कोणी दुरुस्त केलं नाही. मी कपाटाच्या खणात पडलो, आजही तिथेच आहे, आणि त्या बोटावर अजून जळतो.

मित्रांनो, ही हकिगत तुमच्या आईवडिलांना वाचून दाखवा. मूल कुठे अडलं, तर त्याला ढ म्हणू नका, आळशी म्हणू नका, भावंडाचं कौतुक त्याच्या तोंडावर मारू नका. आणि घाईने त्याच्या नाकावर माझ्यासारखं काही चढवूही नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, तुला कसं दिसतं, कसं वाटतं. उत्तर यायला वेळ लागेल, तोवर ओठ मिटून थांबा. घरोघरी असं व्हायला लागलं तर माझ्यासारख्या चष्म्यांचा धंदा बसेल, याचं मला फार वाईट वाटेल. पण ते मी सोसेन.