हिरडीतली राखण

"थुंका, मावशी."

तस्तात गुलाबी पाणी पडलं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या मावशींनी तोंड पुसलं आणि आधी हेच विचारलं, "मला गाता येईल ना?"

दर आठवड्याच्या प्रार्थनेत देवाचं पद त्याच म्हणत. आवाज काही फार गोड नव्हता. पण शब्द इतका स्वच्छ, की मागच्या बाकावरच्या बहिऱ्या आजोबांनाही देव ऐकू यायचा.

"वरचे पुढचे दोन दात काढावे लागतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पार हलतायत. ब्रश करत नव्हता?"

"करते की! फक्त रक्त येतं तेवढी जागा सोडून. दुखऱ्याला आणखी कशाला दुखवायचं?"

"तिथंच चुकलं. मळ तिथंच साचला. त्यात जंतू आले, शरीरानं हाक मारली, रक्तातले पहारेकरी धावले. जंतू मारायला ते जे सोडतात, त्यानं हिरडीही पोळते. मळ हलत नाही, म्हणून हाक थांबत नाही. आलेला पहारेकरी आणखी चौघांना बोलावतो. आधी सूज, मग रक्त, शेवटी दाताखालचं हाडच विरतं."

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं म्हणा!"

"खाल्लं. पण लबाडीनं नाही हो, राखणीच्या नादात."

"आमचे हे तसेच. गेले झुरळ मारायला नि फोडल्या कपबशा." मावशी हसल्या, मग जिभेनं दात चाचपले. "बाकीचे राहतील?"

"मळ मी काढते. पुढे मऊ ब्रश, रोज, सगळीकडे. रक्त आलं तरी."

देवानं देहात राखण ठेवली ती मायेनंच. पण मायेलाही कुणीतरी 'आता पुरे' म्हणावं लागतं.

दोन दात निघाले, जखम भरली. प्रार्थनेच्या सकाळी पेटी उघडता उघडता नवरा हळूच म्हणाला, "आज दुसरं पद घे. नेहमीच्यात 'स' फार आहेत."

"घासताना एक जागा सोडली, तेवढं पुरे झालं. तुम्ही सूर धरा."

"सदा सोबती तूच माझा..." पहिल्याच शब्दाला फटीतून शिट्टी गेली. पुढच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मावशी थांबल्या. नवऱ्यानं मान वर केली नाही. भाता मात्र हलता ठेवला, सूर तसाच धरून.

मावशींनी श्वास घेतला आणि पद पहिल्यापासून, सावकाश सुरू केलं. शिट्टी शेवटपर्यंत येत राहिली. त्यांनी एकही शब्द गाळला नाही.