सेनादाच्या भावाची हाडं

शॉमबर्गच्या त्या कॉम्प्लेक्समध्ये आपले लोक सिंकमध्ये उरलेला भात ओतायचे आणि तुंबलं की मिर्कोला बोलवायचे. मिर्को मेंटेनन्सवाला. कधी कटकट नाही. रेणू त्याला आल्याचा चहा द्यायची. तो मिटक्या मारत प्यायचा.

समोरच्या फ्लॅटमधली सेनादा मात्र तो दिसला की दार लावून घ्यायची. दोघं बोस्नियाचे.

एका दुपारी तिने रेणूला सांगितलं, "युद्धात आमच्या गावच्या शाळेत लोकांना कोंडलं होतं. हा तिथे पहाऱ्यावर होता. माझ्या भावाला तिथूनच ट्रकमध्ये घालून नेलं. कुठे पुरलं, याला ठाऊक आहे."

"मग पोलिसांना सांग ना."

"दमले मी. मला याचा तुरुंग नको, भावाची हाडं पाहिजेत. तुझ्याकडे बसून बोलतो तो. विचारशील?"

रेणू हो म्हणाली.

रेणूचा नवरा शंतनू भडकला. "ग्रीन कार्ड पेंडिंग आहे आपलं! असल्या लफड्यात नाव आलं ना, बसू पुण्यात जाऊन."

"पुण्यात माणसं राहत नाहीत का?"

"जोक नको यार, रेणू."

शनिवारी रेणूने मुद्दाम पातेलंभर भात सिंकमध्ये ओतला आणि कॉम्प्लेक्सच्या ऑफिसला फोन लावला. मिर्को येणार नाही म्हणाले. सकाळी सरकारी माणसं त्याला घेऊन गेली होती. सैन्यात होतो हे लपवून त्याने व्हिसा घेतला, एवढाच आरोप. माणसं मारली का, हे इथे कोणी विचारलं नाही. खोटं बोलला, ते मात्र लागलं यांना.

"मीच फोन केला होता त्या सरकारी लोकांना," शंतनू म्हणाला. "नाव न सांगता. आपण कुठेच नाही त्यात. क्लीन."

रेणू समोर गेली. सेनादाला कळलं होतं. ती चिडलीसुद्धा नाही.

"आता वकील त्याला तोंड उघडू देणार नाही," ती म्हणाली. "मग बोस्नियाला पाठवतील. सारायेवोत केस उभी राहील, तारखा पडतील. तिथेही तो गप्पच बसेल. माझी आई ऐंशीची आहे गं."

रेणू परतली तेव्हा शंतनू टीव्ही बघत होता.

"गेला ना आत? आता अजून काय पाहिजे तिला?"

"हाडं," रेणू म्हणाली, आणि बाह्या सारून सिंकमधला भात हाताने उपसायला लागली.