टीव्हीपुढं गप्प बसायचं

“मेलेली सून दोन वर्षांनी परत आली व्हय? मग बॉडी वळखून सही कुणी केली व्हती?” ह्यांनी विचारलं.

मालिकेतली सासू रडत होती, माझेही डोळे भरून आले होते, आणि ह्यांना सहीची पडली होती. मी टीव्ही बंद केला.

“ऐतवारी पावण्यांम्होरं असलं येक अक्षर काढायचं न्हाई,” मी बजावलं. “पोरीसाठी तरी.”

आमचे हे, कुंडलिक, सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या शवागारात कामाला. अठ्ठावीस वर्षं झाली. मढी उचलायची, धुवायची, झाकायची, घरच्यांच्या ताब्यात द्यायची. त्यामुळं भुताचा सिनेमा लागला की हे खुदूखुदू हसतात, आणि मालिकेत जावाजावांची भांडणं लागली की घाबरून अंगणात जाऊन बसतात. माझं मेलं सगळं उलटं.

या नोकरीपायी आमच्या पोरीची, वैष्णवीची, दोन स्थळं परत गेली होती. एका बाईनं तर आमच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. आता तिसरं स्थळ मंगळवेढ्याचं. मुलगा अभिमन्यू, शाळेत मास्तर. फोटो बघून पोरगी पहिल्यांदाच लाजली. म्हणून मी मध्यस्थाला इतकंच सांगितलं होतं, की हे दवाखान्यात आहेत. खोटं काय त्यात?

रविवारी दुपारी अभिमन्यू, त्याचे वडील आप्पा आणि आई बनाबाई आले. वैष्णवी पोहे देऊन, दोन प्रश्नांची उत्तरं देऊन आत गेली. ज्वारीची चौकशी झाली, उन्हाची झाली, मग कुणालाच काही सुचेना. हे तर मूग गिळून बसलेले. माझी अक्कल शेण खायला गेली आणि मी टीव्ही लावला.

नेमका भुताचा सिनेमा. बदलणार तोच आप्पा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या की. लई भारी पिच्चर हाय ह्यो.”

पांढऱ्या चादरीखालचं प्रेत ताडकन उठून बसलं. आप्पांनी पाय वर घेतले. ह्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं, पण मी डोळे वटारल्यावर ह्यांनी ते गिळून टाकलं. मग पडद्यावर एक दारू प्यालेला वॉर्डबॉय आला. त्यानं एका प्रेताचा पाय धरला, फरफटत ओढत नेलं आणि हसत हसत कोपऱ्यात टाकलं.

“असं न्हाई वढत आमी कुणाला,” हे हळूच म्हणाले. “मानंखाली हात घालून उचलावं लागतंय.”

“आमी मंजी?” आप्पांनी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. “मी शवागारात हाय, आप्पा. अठ्ठावीस वर्सं.”

झालं. दाराआड वैष्णवी फरशीकडं बघत उभी राहिली. असा राग आला मला ह्यांचा! मी टीव्ही बंद केला. आप्पांनी टोपी घातली आणि उठले. “चला, पाचची यष्टी घावंल.” अभिमन्यू आईकडं बघू लागला.

बनाबाई उठल्याच नाहीत.

“माजा धाकटा, अमृत,” त्या ह्यांना म्हणाल्या, “मोटरसायकलवरनं गेला. सात वर्सं झाली. हितं तुमच्याच दवाखान्यात आणला व्हता. सकाळपतुर मला आत सोडलं न्हाई. त्याच्याजवळ कोण व्हतं का वो?”

हजारो चेहरे ह्यांच्या हाताखालून गेलेत. एकही ध्यानात राहत नाही, ठेवायचाही नसतो, असं हे मला नेहमी सांगतात.

“मी व्हतो की,” हे म्हणाले. “येकटा न्हवता तुमचा पोरगा.”

“केस लई दाट व्हते त्याचे. सारके डोळ्यांवर यायचे.”

“मागं सारले व्हते मी.”

बनाबाई कितीतरी वेळ ह्यांच्या हातांकडं बघत राहिल्या. ह्यांनी हात लपवले नाहीत. ते खरं बोलले की खोटं, हे मी आजवर विचारलेलं नाही. दारापाशी गेलेले आप्पा परत येऊन खाली बसले, आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

“पोरगी कुटाय?” बनाबाई म्हणाल्या. “माज्याजवळ बसू द्या तिला जरा.”