दोन पावलांमधलं अंतर

भिंगरीच्या कमरेपासून घोट्यांपर्यंत सोळा चमकते गोळे चिकटवून झाले. तिने खाली वाकून स्वतःकडे पाहिलं आणि आपल्याला कांजिण्या आल्यात असं जाहीर केलं. मोजणी करणाऱ्या बाई हसल्या. मला हसू आलं नाही. लेकीच्या पायाचं ऑपरेशन करायचं की नाही, ते या गोळ्यांवरून ठरणार होतं.

भिंगरी माझी साडेपाच वर्षांची मुलगी. ती पावलं आत वळवून चालते, डावं जरा जास्तच. वर्षापूर्वी हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, काही करू नका, आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत बहुतेक आपोआप सरळ होतील. काही न करणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. त्यात गेल्या दोन महिन्यांत ती चक्क लंगडायला लागली. डावा पाय लांब फेकायची आणि उजवा मागून ओढत आणायची. पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी तिला दोनदा चालवून पाहिलं. कदाचित मांडीचं हाड फिरवून बसवावं लागेल, म्हणाले, पण त्याआधी हिची चाल नीट मोजून घेऊ. हाड फिरवायचं म्हणजे आधी कापायचं, हे मी घरी येऊन वाचलं. वाचायला नको होतं.

सासूबाईंचं निदान वेगळं होतं. "दिवसभर तिच्या पायांवर डोळे रोखून बसतेस. माझ्याकडे कुणी असं बघत बसलं तर मी जागच्या जागी आपटेन," त्या म्हणाल्या. नवऱ्याने कुणाचीच बाजू घेतली नाही. अशा वेळी त्याला हमखास गाडीची हवा तपासायची असते.

मोजणीची खोली लांबट होती. भिंतींवर वरच्या बाजूला त्या चमकत्या गोळ्यांची हालचाल टिपणारे कॅमेरे, मधून चालायची वाट, आणि वाटेच्या मध्यावर जमिनीत बसवलेल्या दोन पाट्या. पाऊल किती जोराने आणि कुठे टेकतं ते या पाट्या मोजतात. रंग आजूबाजूच्या फरशीसारखाच, फक्त कडा दिसत होत्या. बाई बायोमेकॅनिक्स शिकलेल्या, माणसं कशी चालतात हे बघण्यातच त्यांची पंधरा वर्षं गेलेली. आत येतानाच त्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं, पाट्यांबद्दल मुलीला अवाक्षर बोलायचं नाही. कळलं की माणसं नेम धरून पाय टाकतात, आणि मग चाल मोजली जात नाही, नेम मोजला जातो.

मी बोलले नाही. वाटेच्या टोकाला उभी राहिले आणि भिंगरी माझ्या दिशेने चालत आली. डावा फेकत, उजवा ओढत. अशा सहा फेऱ्या झाल्या. संगणकाच्या पडद्यावर तिच्या जागी काड्यांची बाहुली चालत होती, आणि बाहुलीही लंगडत होती. इतके दिवस कुठेतरी आशा होती की दोष माझ्या बघण्यात असेल.

बाई मात्र पडद्याजवळ सरकल्या. सहाही फेऱ्या त्यांनी एकाखाली एक लावून पाहिल्या.

"गंमत आहे," त्या म्हणाल्या. "डावं पाऊल दर वेळी तेवढंच लांब पडतंय. बोटभरही फरक नाही. दुखऱ्या पायाला इतकी शिस्त नसते हो."

मग त्यांनी भिंगरीलाच विचारलं, एवढं लांब पाऊल का टाकतेस गं?

"चौकोन चुकला की आई पहिल्यापासून चालायला लावते," भिंगरी म्हणाली.

हे मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. लपवलं असंही नाही. मुलीचे केस विंचरते हे कुणी डॉक्टरांना सांगत नाही, तसंच ते. दोन महिन्यांपूर्वी मी घरच्या बोळकंडीत फरशीवर चिकटपट्टीचे चौकोन आखले होते. डावं पाऊल जास्त वळतं, म्हणून चौकोन फक्त डाव्यासाठी. त्यात पाऊल सरळ टाकायचं, सकाळी दहा फेऱ्या, संध्याकाळी दहा. अंतर ठरवताना मी स्वतः चालून पाहिलं होतं आणि जिथे माझा पाय पडला तिथे पट्टी लावली होती. माझा पाय. साडेपाच वर्षांच्या मुलीला तिथवर पोहोचायला डावी तंगडी फेकण्यावाचून इलाजच नव्हता. उजव्याचं काही ठरलेलं नव्हतं, तो बिचारा मागून यायचा.

हे सगळं मी बाईंना कसंबसं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"आई, तुम्ही जरा बाहेर बसता का?" एवढंच त्या म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर मी वीसेक मिनिटं बसले. आतून पावलांचा आवाज यायचा, मधे थांबायचा. मी मोजायचं नाही असं ठरवलं आणि तरी मोजलं. दार उघडलं तेव्हा बाईंच्या शेजारी मघाशी आत गेलेले डॉक्टरही उभे होते. त्यांनी भिंगरीला पलीकडच्या टेबलावरून कधी चष्मा, कधी पेन, कधी कागद आणायला पिटाळलं होतं. पडद्यावर तीच बाहुली चालत होती, पावलं थोडी आत वळलेली, पण डावं-उजवं सारखं. मधल्या दोन फेऱ्यांत सवयीने पाय फेकला गेला होता, शेवटच्या पाचांत एकदाही नाही.

"हाड जसं होतं तसंच आहे, वयाला शोभेल असं," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन नको. वर्षाने दाखवायला या."

"आणि तोवर मी काय करू?"

"चौकोन उपटा. नंतर हवं तर चहा प्या."

मी भिंतीला टेकले. बरं वाटत होतं, जड पिशव्या खाली ठेवल्यावर हात हलके होऊन आपोआप वर जातात तसं. नवऱ्याला फोन करून सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मागून सासूबाई विचारत होत्या, काय म्हणाले, अरे काय म्हणाले.

रस्त्यावर आलो. भिंगरी पुढे निघाली. माझे डोळे सवयीने खाली जायला लागले, म्हणून तिला हाक मारली आणि ती वळल्यावर तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती जिभेने काहीतरी ढकलत होती.

"तोंडात काय आहे गं?"

"दात. हलतोय."

"कधीपासून?"

"कधीचाच. आजीला माहितीये."

मी तिथेच पदपथावर उकिडवी बसले. तिने तोंड उघडलं. खालचा, समोरचा. बोट लावलं तर चांगलाच डुलत होता. येणारीजाणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. भिंगरीने आ तसाच ठेवला आणि मला पोटभर बघू दिलं.