दहा चाळीसची उडी

चौथ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत सगळे तिला चिकटबाई म्हणत आणि तिला ते कौतुकच वाटे. काम होतं एका धातूच्या अणुगर्भाची चुंबकी ताकद मोजण्याचं. भल्यामोठ्या चुंबकाच्या पोटात नमुन्याची नळी सोडायची आणि रेडिओलहरींनी अणुगर्भाला हाका मारत राहायचं. हाक नेमक्या सुरात लागली की तो ओ देतो, पडद्यावर सुईसारखं शिखर उठतं. ते दोन तास जागचं हललं नाही, तरच आकडा खरा.

पण ते हलायचं. तीनदा मोजणी फुकट गेली होती, आणि चार दिवसांनी यंत्र सहा महिन्यांसाठी दुसऱ्या गटाकडे जाणार होतं.

विभागप्रमुख सरांचं निदान ठरलेलं. "घाई, दुसरं काय! मला बघा, रोज चार मजले जिना चढून येतो. शिस्त!" असं म्हणून ते गोलमटोल पोटावरून हात फिरवत.

चिकटबाईच्या आईने शाळेत अठ्ठावीस वर्षं हजेरी घेतली होती. लेकीने शिखर कधी कधी हलतं याची हजेरी मांडली आणि तीन आठवड्यांची वही आईपुढे टाकली.

आईने चष्मा सावरला. "दहा चाळीस, सव्वा एक, दोन, साडेपाच. अगं, हा तर नोकरदार माणूस! आणि या गुरुवारी रजेवर होता वाटतं?"

गुरुवारी सर परगावी गेले होते.

सकाळी चिकटबाई चुंबकामागच्या भिंतीपलीकडे जाऊन आली. तिथे सामानाची लिफ्ट. ती हलली की तिच्या दोराला टांगलेलं लोखंडाचं धूड भिंतीला घासून वरखाली जाणार. दारावर पाटी, 'फक्त सामानासाठी', खाली सरांचीच सही.

"काका, दहा चाळीसला काय सामान येतं हो?" तिने यंत्र सांभाळणाऱ्या काकांना विचारलं.

"मी काही बघितलं नाही," काका घाईघाईने म्हणाले. "मला अजून दोन वर्षं नोकरी करायचीय, बाई."

मग तीच अर्ज घेऊन सरांपुढे उभी राहिली. "सर, लिफ्टमुळे शिखर हलतं. उद्या दहा ते बारा ती बंद ठेवायला सही हवी."

सर कागदाकडे बघत राहिले. "आणि त्या वेळात काही आलं तर?"

"तीन आठवडे नोंद ठेवलीय सर. दहा चाळीसला एकच नग येतो."

"नाजूक?"

"वजनदार."

सरांचे कान लाल झाले. पण पेन उघडलं आणि सही झाली.

दुसऱ्या दिवशी दहा चाळीस उलटले. शिखर ढिम्म. दहा बावन्नला दारात सर, चौकट धरून, घामाने निथळलेले.

"हल... हललं?"

"जराही नाही, सर."

सर स्टुलावर बसले ते बारापर्यंत. आकडा आला, पाचव्या दशांश स्थळापर्यंत चोख. त्यांनी तिची पाठ थोपटली. "बघितलंस? शिस्त!"

साडेपाचला ते निरोप घ्यायला डोकावले. "चला, जिन्याने उतरतो."

यंत्र अजून चालूच होतं. मिनिटभरात शिखराने टुणकन उडी मारली. काकांनी वहीकडे बघितलं. चिकटबाईने पेन उचललं आणि टोपण लावून खिशात ठेवून दिलं.