पावणं बघायला आलतं

आयसीयूतल्या नर्स क्रांतीने हातातले ग्लोव्ह्ज लाल डब्यात आपटले आणि तशीच मेट्रनच्या खोलीत घुसली.

"मॅडम, पुण्याच्या ट्रेनिंगला राजवीर ब्रदर चाललाय म्हणं. माझं नाव का न्हाय?"

राजमती मॅडम चहा पीत होत्या. आयसीयूच्या त्या शिक्षणासाठी साऱ्या हॉस्पिटलातून एकच जागा होती, आणि शिकून येईल त्याच्याच हाती आयसीयू जाणार, हे लिफ्टवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. राजवीर तिथे येऊन जेमतेम दिवाळी उलटली होती. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की तो अजून क्रांतीलाच हाका मारायचा.

"बस की गं," मॅडम म्हणाल्या. "तुझंच नाव धरलं हुतं. पण तूच रविवारची रजा मागितलीस न्हवं? घरी पावणं येणार म्हणून. आता लगीन ठरायच्या वक्ताला तुला कशाला अडकवायचं?"

क्रांतीला आधी उमगेचना. मग उमगलं, आणि तिचं डोकं जे फिरलं, काही विचारू नका.

"पावणं म्हस बघायला आलतं, मॅडम! आमची म्हस!"

मॅडमना हसू फुटलं. चहा सांडता सांडता राहिला.

"अगं बाई! मग सांगायचं न्हाय व्हय?"

"तुम्ही इचारायचं न्हाय व्हय?" क्रांतीला ते हसू झोंबलं. "म्हशीचीबी धार काढून बघितली त्यांनी. मला तुम्ही एका शब्दानं इचारलं न्हाईसा. आणि राजवीरचं लगीन तर वैशाखात हाय. पेढं तुम्हीबी खाल्लासा की!"

"त्याची गोष्ट वेगळी," मॅडम पुटपुटल्या. पण वेगळी कशी, ते काही त्यांना सांगता येईना. बाई मनाने वाईट नव्हती. आयुष्यभर पोरींची काळजीच करत आली होती, आणि या काळजीनेच कितीतरी पोरींचं वाटोळं केलं होतं.

त्यांनी टेबलावरचा फोन ओढला आणि पुण्याचा नंबर लावला.

"नमस्कार. आमचं एक नाव बदलायचंय. राजवीरऐवजी क्रांती. नाही, तिचं लग्न ठरलेलं नाही, माझा जरा गैरसमज—"

क्रांतीने पुढे वाकून फोनचा खटका दाबला. लाइन तुटली.

"हे काय केलंस? आजच मुदत संपतीया! परत लागला न्हाय म्हंजे?"

"न्हाय लागला तर न्हाय." खटक्यावरचं बोट तिने काढलं नाही. "उद्या खरंच मला बघायला पावणं आलं, तर नाव काढायला परत फोन लावणार काय?"

 क्रांतीने खुर्ची ओढली आणि मॅडमच्या पुढ्यात बसली.

"लावा आता."

मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि पहिल्यापासून नंबर दाबायला घेतला. पलीकडे रिंग वाजू लागली, तरी या खेपेला लग्नाचं नाव न काढता काय बोलायचं ते त्यांना सुचलं नव्हतं.